आमच्या घरचं उदाहरण

“माझ्या जांभईवर तुझा काय हक्क?”

“जांभईवर कुणाचाच हक्क नसतो हो. ती एकाची दुसऱ्याला लागते. सार्वजनिक गोष्ट आहे ती.”

“लागते ना? मग घे की दुसऱ्या कुणाची! पोस्टमनची घे. कोपऱ्यावरच्या घड्याळवाल्याची घे. तुझ्या विज्ञान केंद्राच्या त्या संचालकांची घे, ते तर खुर्चीत बसतात तेच जांभई द्यायला. माझीच का?”

“कारण तुमची बघण्यासारखी असते.”

पडद्याआडून सासूबाई फिस्सकन हसल्या आणि मग आपण हसलोच नाही असं दाखवायला जोरजोरात भांडी आपटू लागल्या.

शिंपीमास्तर कापायच्या टेबलाच्या एका बाजूला, हातात खडू. बायको दुसऱ्या बाजूला, खांद्यावर पर्स, कामावर जायला उशीर झालेला. मधे कुणाच्या तरी कोटाची एक बाही, दोघांच्या हातवाऱ्यांत सापडून बिचारी पार चुरगळलेली.

“काल काय झालं सांगू?” मास्तर म्हणाले. “एका गृहस्थांच्या पँटची उंची लावत होतो. गुडघ्यावर बसलोय, तोंडात टाचण्या धरल्यात. वर बघतो तर काचेबाहेर शाळेची पोरं. अख्खा वर्ग! ओळीनं उभी राहून माझ्याकडे बघून जांभया देतायत. आ… आ… आ… एकामागून एक. आणि मी काय करावं? मी सुद्धा! तोंडात टाचण्या, समोर गिऱ्हाईक, आणि मी आ वासून बसलोय. आणि बाहेर पोरं टाळ्या वाजवतायत. म्हणे, ‘लागली, लागली! ताईंनी सांगितलं होतं तस्संच!’”

“टाचण्या गिळल्या का?” तिनं एकदम पुढे होऊन विचारलं.

“नाही.”

“मग हरकत नाही. कारण गिळल्या असत्या तर…”

“तर तू तेही सांगितलं असतंस! टाचणीचा जठरातला प्रवास!”

सांगितलं असतं, हे दोघांनाही माहीत होतं.

“परवा एक बाई लेकीचा फ्रॉक टाकायला आल्या,” मास्तरांचं अजून संपलं नव्हतं. “माप देऊन झालं, निघाल्या, दारातून परत आल्या. माझ्या हातावर हात ठेवून म्हणाल्या, ‘मास्तर, तुम्ही झोप लागता लागता लाथ मारता ना? आमचे हेही मारतात. मनाला लावून घेऊ नका.’ मनाला लावून! मी फ्रॉकला झालर लावतो, मनाला काय लावू?”

“अहो, पण त्या बाईंना किती हलकं वाटलं असेल. त्यांना वाटत होतं नवरा रागानं मारतो. मी सांगितलं, जागेपणाकडून झोपेकडे कारभार सोपवताना मेंदूचा जरा गोंधळ होतो, स्नायू एकदम आचका देतात. बहुतेकांना होतं. त्यात राग नाही, लोभ नाही.”

“हलकं त्यांना वाटलं, जड मला झालं! हे बघ. यापुढे माझी जांभई नाही, माझं घोरणं नाही, माझी लाथ नाही, उन्हात गेल्यावरची माझी शिंक नाही. मी नाही. शब्द दे.”

“शनिवारी केंद्राची समिती येतेय,” ती हळूच म्हणाली. आवाज एकदम बारीक झाला होता. “तो बोलका पुतळा घ्यायचा की माझा खेळ ठेवायचा, ते शनिवारी ठरणार. पुतळा घेतला तर मला पिशव्या सांभाळायच्या खिडकीत बसवणार आहेत. शनिवारपर्यंत तरी…”

“पुतळा सांगतोच की शरीराची माहिती. त्याला कुठे नवरा आहे?”

शेवटी तिनं शब्द दिला. आणि एकदा दिला की मोडायचा नाही, ही तिची खोड सासरी-माहेरी सगळ्यांना ठाऊक होती.

“माझे गुडघे घे की मग,” पडद्याआडून सासूबाई म्हणाल्या. “उठताना कसे वाजतात! इतकी वर्षं वाजतायत, पण मला कुणी विचारत नाही. सगळं कौतुक त्याच्याच जांभईचं.”

*

विज्ञान केंद्रात ती लागली होती तिकिटाच्या खिडकीवर. शरीराच्या दालनात तेव्हा दुसरे एक गृहस्थ समजावून सांगत. फार विद्वान. ते यकृताचं वजन सांगत, रक्तवाहिन्यांची नावं सांगत, आणि लोक मागच्या दारानं एकेक करत ताऱ्यांच्या दालनात सटकत. एक दिवस त्या गृहस्थांचा घसा बसला, बाहेर शाळेच्या दोन बसेस येऊन थांबल्या, आणि संचालकांनी तिकिटाच्या खिडकीत डोकं घालून विचारलं, “तुम्हाला शरीराबद्दल काही येतं का?”

“शरीर आहे मला,” ती म्हणाली. तेवढ्यावर तिला पाठवलं.

समोर पन्नास पोरं, मागे हाडांचा सापळा, आणि हिच्या डोक्यात फक्त अंधार. आदल्या रात्रीपर्यंत आवडीनं वाचलेलं सगळं धुऊन निघालेलं. तोंडातून निघालं ते एवढंच: “आमच्या घरी ना, एक माणूस आहे. उन्हात पाऊल टाकलं की शिंकतो.”

पोरांचा गलका थांबला. एकानं हात वर केला. “माझे बाबा पण!”

“तुझे पण? मग तूही शिंकत असशील. ही खोड बहुतेक वेळा घरातच चालत येते. डोळ्याची वार्ता मेंदूकडे नेणारी तार आणि नाकाची तार, दोन्ही एकमेकींच्या शेजारणी. लख्ख ऊन पडलं की डोळ्याची तार आरडाओरडा करते. तो नाकाच्या तारेला ऐकू जातो आणि तिला वाटतं, आपल्यालाच बोलावलं! निदान शास्त्रज्ञांचा अंदाज तरी असा आहे. आमच्या घरच्या माणसाला मी हे समजावलं, तर तो म्हणाला, ‘मग त्या शेजारणीला सांग, चोंबडेपणा करू नको.’”

त्या दिवशी ताऱ्यांच्या दालनात कुणी गेलं नाही. विद्वान गृहस्थांचा घसा पुढे बरा झाला, पण ते परत आले ते वाचनालयात, आणि तिथे ते अतिशय सुखी झाले.

तिला तेव्हाच कळून चुकलं होतं: ‘मानवी शरीर’ म्हटलं की माणसं घड्याळाकडे बघतात आणि ‘आमच्या घरी’ म्हटलं की कान टवकारतात. दुसऱ्याच्या घरात काय चाललंय हे ऐकायला कुणाला नको असतं? एकदा त्या दारातून आत आले की मग त्यांना फुप्फुसं दाखवा, मूत्रपिंडं दाखवा, सगळं बघतात.

आणि दाखवायला काय कमी होतं! मास्तरांनी तिला एकेक अवयव शिवून दिला होता. उरलेल्या कापडांतून. कुणाच्या पायजम्याच्या पट्ट्यांतून लहान आतडं, सोफ्याच्या गादीतून उरलेल्या तपकिरी मखमलीचं यकृत, गुलाबी अस्तराची फुप्फुसं. लहान आतडं साधारण सहा मीटर असतं, असं तिनं सांगितलं तेव्हा मास्तरांनी मापाची पट्टी खाली ठेवली होती.

“एवढं कापड एका पोटात? कुठल्या शिंप्याचं डोकं म्हणायचं हे!”

“चुण्या घालून बसवलंय.”

“ते दिसतंय. पण चुरगळत कसं नाही?”

ते आतडं ती पोरांच्या हातातून दालनभर फिरवायची, या दारापासून त्या दारापर्यंत, म्हणून पोरांनी तिचं नाव ठेवलं होतं ‘आतडेबाई’. बाजारात कुणी मोठ्यानं हाक मारली, “ओ आतडेबाई!” की ती अगदी आनंदानं वळायची. मास्तर मात्र अशा वेळी चार पावलं पुढे निघून जायचे.

*

मास्तरांशिवायचे पहिले दोन-तीन दिवस जसे गेले, तसे कुणाचे जाऊ नयेत.

“एक गृहस्थ असतात,” तिनं सुरुवात केली. “ते घोरतात.”

“कोण गृहस्थ?” पुढच्या रांगेतून प्रश्न.

“कुणीही. समजा, कुणीही.”

“तुमच्या घरचे नाहीत?”

“नाही.”

“मग ते घोरतात हे तुम्हाला कसं कळलं?”

सगळं दालन खदखदून हसलं, आणि पहिल्यांदाच ते हसू तिला नको होतं. दुसऱ्या दिवशी तिनं स्वतःलाच घोरायला लावलं. “मी घोरते,” म्हणाली. झोपेत घशामागचा मऊ पडदा सैल पडतो, श्वास त्याच्यावरून जाताना तो दोरीवरच्या कापडासारखा फडफडतो, सगळं नीट सांगितलं. पण बोलण्यात जीव नव्हता. ती घोरत नव्हती. मास्तरांचं ऐकत जागं राहणारी बाई घोरणार कधी?

मग तिसऱ्या दिवशी तिनं सासूबाईंचे गुडघे घेतले. तर दुपारी सासूबाई स्वतः हजर! पहिल्या रांगेत बसल्या आणि गुडघ्यांचा विषय निघताच उठून, बसून, परत उठून लोकांना आवाज ऐकवू लागल्या. “सांध्यात जो द्रव असतो, त्यात वायूचा बुडबुडा धरतो आणि…” ती सांगत होती, आणि सासूबाई म्हणत होत्या, “हा डावा. आता उजवा ऐका. उजवा जास्त मोठ्यानं वाजतो.” लोकांनी दाद दिली ती गुडघ्यांना. बुडबुडा कुणाच्या लक्षातही राहिला नाही.

घरी अबोला. आता अबोला म्हणजे त्या घरात काही साधी गोष्ट नव्हे. ती शब्दावर जगणारी बाई, तो शब्दाला शब्द लावणारा माणूस. दोघांच्या मधल्या सगळ्या वाहतुकीचा भार सासूबाईंवर.

“आई, त्यांना सांगा चहा झालाय.”

“चहा झालाय म्हणते.”

“ऐकलं. साखर घातलीय का विचार.”

“मी काय तारघर आहे का रे? समोर उभी आहे ना ती!”

अशातच तो अंगरखा शिवायचा होता. समितीसमोरच्या खेळासाठी तिनं मास्तरांकडून भांडणाच्या आधीच कबूल करून घेतलेला: अंगावर घालायचा लांब अंगरखा, त्यावर छातीपासून ओटीपोटापर्यंत प्रत्येक अवयवाचा ज्याच्या त्याच्या आकाराचा खिसा, आणि खिशांना टिचबटणं. एकेक बटण उघडायचं, अवयव काढून दाखवायचा, परत बसवायचा. बोलक्या पुतळ्यात दिवे होते, तर हिच्यात टिचबटणं असणार होती.

मास्तर रागावले होते, पण काम टाकणाऱ्यांतले नव्हते. “बायकोशी भांडण आहे, गिऱ्हाइकाशी नाही,” ते सासूबाईंना म्हणाले, आणि शरीराचा तक्ता टेबलावर पसरून कामाला बसले. तक्त्यावरून दातेरी चाक फिरवून त्यांनी खालच्या कापडावर एकेका अवयवाची कड उमटवून घेतली. यकृताचा उतार, जठराचा बाक, सगळं तंतोतंत. शिलाई अशी बारीक की भिंग लावून बघावी. एकच गोष्ट राहिली. एरवी कुठलाही कपडा ट्रायलशिवाय त्यांच्या दुकानातून बाहेर जायचा नाही. पण ट्रायलला बोलवायचं म्हणजे आधी बोलायचं. ते त्यांनी केलं नाही. आणि ट्रायल मागायची म्हणजे तिनं आधी बोलायचं. तिनंही केलं नाही. शनिवारी सकाळी घडी घातलेला अंगरखा कागदात गुंडाळून टेबलावर ठेवलेला होता, तो तिनं उचलला आणि गेली.

*

दालनात समिती, शाळेची पोरं, नेहमीची माणसं. पुतळ्याचा विक्रेता आधी उभा राहिला. गळ्यात टाय, हातात छोटी काठी. त्यानं काठीनं पोटावरचं एक बटण दाबलं. पुतळ्याच्या आत हिरवा दिवा लागला आणि गोड आवाज आला: “मी यकृत. मी शरीरातील सर्वात मोठा अंतर्गत अवयव.” दुसरं बटण. लाल दिवा. “मी हृदय. मी छातीत मध्यभागी, किंचित डावीकडे.” समितीची माणसं माना डोलवत होती. विक्रेता म्हणाला, “आणि हा कधी रजा घेत नाही.” संचालकांनी जांभई दिली. ती बघून पहिल्या रांगेतल्या चौघांनी दिली, आणि हिच्या जिभेच्या टोकावर तो सगळा जांभईचा किस्सा आला, अगदी टाचण्यांसकट, आणि तिनं तो गिळला.

मग तिची पाळी आली. तिनं कागद सोडला, अंगरखा अंगावर चढवला, नाड्या बांधल्या. लोकांत एकदम कौतुकाची कुजबुज झाली. खरंच देखणा झाला होता. मागच्या रांगेत सासूबाई, आणि सासूबाईंच्या शेजारी, दुकान बंद ठेवून, गळ्यात मापाची पट्टी तशीच, मास्तर. बायकोला बघायला ते आलेले नव्हते. आपलं काम अंगावर कसं बसलंय, ते बघायला आले होते. निदान सासूबाईंना त्यांनी तसं सांगितलं होतं.

“हे माझं हृदय,” ती म्हणाली आणि छातीवर हात ठेवला.

दोन वेण्या घातलेल्या एका मुलीनं हात वर केला. “ताई, ते उलट्या बाजूला आहे.”

तिनं खाली बघितलं. हृदयाचं टोक उजवीकडे वळलेलं. यकृत डावीकडे. जठर उजवीकडे. शेजारी पुतळ्याच्या आत लाल दिवा अजून लागलेला होता, किंचित डावीकडे, आणि तो अख्ख्या सभेला दिसत होता. विक्रेत्यानं सभ्यपणे घसा खाकरला.

काय झालं होतं ते तिला एका क्षणात उमगलं. शिंप्याच्या घरात इतकी वर्षं काढली होती. कापडावर खूण करायची ती नेहमी उलट्या बाजूनं, सुलट बाजूला डाग नको म्हणून. मास्तरांनी तक्ता उमटवला तो हाताच्या सवयीनं उलट्या बाजूवर. कापड सुलट केलं आणि सगळा माणूस आरशात बघावा तसा फिरला. सदऱ्याला, पँटला यानं काही बिघडत नाही. माणूस बाहेरून डावा-उजवा जवळपास सारखा. पण आतून तो तसा नाही. आतून निसर्गानं सगळं तिरपं-तारपं कोंबलंय. अवयव खिशांतून काढून बाजू बदलून बसवावे म्हटलं तर तीही सोय नाही, खिसे ज्याच्या त्याच्या आकाराचे.

“असेही लोक असतात,” ती म्हणाली. आवाज तिच्या स्वतःच्या कानांना लांबून आल्यासारखा वाटला. “दहा हजारांत एखादा. हृदय उजवीकडे, यकृत डावीकडे, सगळं आरशातल्यासारखं. आणि मजेत जगतात. कित्येकांना तर छातीचा एक्स-रे काढेपर्यंत पत्ताच नसतो.”

“म्हणजे तुम्ही हे मुद्दाम असं करून घेतलंत?” समितीतल्या जाड चष्म्याच्या बाईंनी विचारलं.

‘हो’ म्हटलं असतं तर सुटली असती. ‘आमच्या घरच्या माणसानं घोळ घातला’ म्हटलं असतं तर लोक हसले असते आणि मग सगळी सभा तिचीच होती. पण पहिलं खोटं होतं, आणि दुसऱ्यावर शब्द बसला होता.

“नाही,” ती म्हणाली. “चूक आहे. माझीच. शिवायला दिलं आणि ट्रायलला गेले नाही.”

पुतळ्यातला दिवा विझला.

“ट्रायलला बोलावलं नव्हतं, म्हणून सांग की!”

सगळ्या माना मागे वळल्या. मास्तर उभे राहिले होते. आपण का उठलो हे त्यांनाही नीट कळलेलं दिसत नव्हतं. “चूक तिची नाही. कापड माझ्या हातून गेलंय. तीस वर्षांत एक कपडा ट्रायलशिवाय दिला नाही मी, आणि दिला तो नेमका आतड्याचा!”

“हेच ते!” वेण्यांवाली मुलगी ओरडली. “जांभईवाले!”

“आणि शिंकवाले!”

“लाथवाले काका!”

“गप्प बसा!” मास्तर गरजले. मग बायकोकडे बोट केलं. “बघितलंस? हे ऐकायला मी दुकान बंद ठेवून आलो!”

“मी एक अक्षर तुमच्याबद्दल काढलेलं नाही! शब्द पाळलाय. तुम्हीच उठलात.”

“तू चूक स्वतःवर घेतेस आणि मी बसून राहू? काय समजतेस मला?”

“ट्रायलला या, एवढे दोन शब्द बोलला असतात तर घ्यावी लागली असती का चूक?”

“दोन शब्द तुला बोलता आले नसते? दिवसभर बोलायचा पगार घेतेस!”

“ओरडू नका. घशाला कोरड पडेल.”

“पडलीच आहे!”

“पडणारच,” ती म्हणाली, आणि तिच्याही नकळत तिचा चेहरा सभेकडे वळला. इतक्या वर्षांची सवय. “राग आला की तोंडातली लाळ आटते. शरीर म्हणतं, आता जेवायची वेळ नाही. आता एकतर लढायचंय नाहीतर पळायचंय.”

“मला दोन्ही करायचं नाही! मला बसायचंय!”

“मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या दोन ग्रंथी असतात.” ती मागच्या रांगेकडे निघाली आणि चालता चालता तिनं फटकन दोन टिचबटणं उघडली. “त्यांनी आत्ता रक्तात भराभर रसायन सोडलंय. म्हणून यांचं हृदय असं धावतंय. हात द्या तुमचा. बघा, गार. कातडीकडचं रक्त मोठ्या स्नायूंकडे गेलं.”

“हात सोड.”

“आणि गंमत पुढेच आहे. भांडण संपतं, पण रक्तातलं रसायन लगेच संपत नाही. अंग तापलेलंच राहतं. मग मनाला वाटतं, एवढे तापलोय म्हणजे अजून काहीतरी कारण असणारच. आणि मग माणूस जुनी कारणं उकरून काढतो.”

“जुनी? तुझ्या बहिणीच्या घरी गेलो होतो तेव्हा तू…”

“आलं!” पुढे परत येत ती सभेला म्हणाली. सभा हसून कोसळली. चष्मेवाल्या बाई चष्मा काढून डोळे पुसत होत्या.

मग मास्तर खुर्च्यांमधून पुढे आले, तिच्या शेजारी उभे राहिले आणि लोकांकडे तोंड करून, अगदी शांतपणे, गिऱ्हाइकाला कापड दाखवावं तसं म्हणाले, “आता हिचा गळा बघा.”

“माझा?”

“कॉलर शिवतो मी. माणसांचे गळे बघण्यात जन्म गेला माझा. हिचा राग चेहऱ्यावर येत नाही, गळ्यावर येतो. इथे. कानाखालून सुरू होतो, हा असा खाली उतरतो. लाल. बघा, वाढतोय. तुम्ही बघताय म्हणून वाढतोय.”

सगळे तिच्या गळ्याकडे बघत होते. मुलं, समिती, विक्रेता, सासूबाईही टाचा उंचावून. तिनं हात गळ्यावर ठेवला तर गाल तापले. दालनात काचेच्या कपाटात ठेवलेल्या मेंदूला रोज कसं वाटत असेल, असा एक विचार तिच्या मनात आला. मास्तरांकडे बघायचं तिनं टाळलं.

“ताई, असं का होतं?” वेण्यांवालीनं विचारलं.

तिला येत होतं उत्तर. चेहऱ्याच्या, गळ्याच्या बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात, आपल्याला कुणी निरखतंय म्हटलं की आणखी रुंदावतात, आणि त्यावर आपला ताबा नसतो. पाठ होतं. पण आत्ता ते तोंडातून निघेना.

“सांगते,” ती म्हणाली. “जरा थांब. होऊ दे.”

टाळ्या पडल्या त्या बराच वेळ.

*

दालनामागच्या छोट्या खोलीत, जिथे जुने सापळे आणि तुटक्या खुर्च्या ठेवत, संचालक हात चोळत आले. मागून चष्मेवाल्या बाई.

“अप्रतिम! भांडण काय बसवलंय! आणि तो उलटा अंगरखा, काय कल्पना आहे! किती दिवस तालीम केलीत?”

“लग्न झाल्यापासून,” सासूबाई म्हणाल्या.

विक्रेता दारातून डोकावून म्हणाला, “साहेब, पुतळे दोन घेतलेत तर ते आपसात बोलूही शकतात.” पण त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

चष्मेवाल्या बाईंनी सरळ सांगून टाकलं. खेळ राहील. पण आज जसा झाला, तसा. दोघांचा. दर शनिवारी. मास्तर नसतील, तर नुसतं बटणं उघडून दाखवायला पुतळाही चालेल, आणि पुतळा स्वस्त पडेल. एवढं बोलून त्या आणि संचालक चहाला गेले.

खोलीत तिघंच उरली. एका सापळ्याच्या खांद्यावर कुणीतरी छत्री अडकवून ठेवली होती.

“ये की रे,” सासूबाई म्हणाल्या. “तू आलास तर मीही येईन. मधे गुडघे वाजवीन, लोकांना जरा विसावा.”

“आई, थांबा तुम्ही,” ती म्हणाली. ती अजून त्या उलट्या अंगरख्यातच होती. एक मूत्रपिंड बटणातून सुटून लोंबत होतं. तिनं मास्तरांकडे बघितलं. तिला खूप काही सांगता आलं असतं. लोक हसतात ते तुम्हाला नाही, आपल्या घरीही असंच होतं म्हणून हसतात, हे सांगता आलं असतं. माझ्याकडे आज सगळे बघत होते तेव्हा मला काय झालं, हेही. पिशव्यांच्या खिडकीत दिवसभर बसून माझं काय होईल, हेही. कारणं देण्यात तिचा हात धरणारं त्या गावात कुणी नव्हतं.

तिनं एकही कारण दिलं नाही.

“याल का हो?” तिनं विचारलं.

मास्तरांनी गळ्यातली मापाची पट्टी काढली. बोटांभोवती गुंडाळली, सैल झाली, सोडवून पुन्हा घट्ट गुंडाळली. मग पुढे वाकून तिचं ते लोंबणारं मूत्रपिंड खिशात ढकललं, टिचबटण लावलं, लागलं की नाही ते एकदा ओढून बघितलं.

“मी नाही,” ते म्हणाले, आणि दार उघडून, दोघींपैकी कुणाकडेही न बघता, निघून गेले.